जुना हाफ-बॅरल केग: केटल म्हणून कसा?

घरी बिअर बनवताना ती उकळायचं भांडं म्हणजे केटल. त्यासाठी अमेरिकेतला हाफ-बॅरल, म्हणजे १५.५ गॅलनचा (साधारण ५८ लिटरचा) स्टीलचा केग, अर्थात बिअरचं पिंप, १० गॅलनच्या बॅचला उत्तम. पत्रा दणकट, उतू जाण्याची भीती कमी. फक्त रिकामाच १३-१४ किलो भरतो.

खरी मेख खरेदीत आहे. भरलेला केग घेताना दुकानात दिलेलं डिपॉझिट म्हणजे केगची किंमत नव्हे, तो ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर कारखान्याच्याच मालकीचा राहतो. भंगारातला स्वस्त नग चोरीचाही निघू शकतो. ब्रुअरीने मोडीत काढलेला, पावतीसह घ्या. ॲल्युमिनियमचा आणि रबरी वेष्टनाचा नकोच. रबर बर्नरवर जळतं.

आधी व्हॉल्व्ह दाबून गॅस पूर्ण सोडा, मगच व्हॉल्व्ह धरून ठेवणारी रिंग काढा. दाब शिल्लक असेल तर आतली नळी गोळीसारखी उडते, यात जीवही जाऊ शकतो. वर १२ इंची भोक पाडा, म्हणजे बाजारातलं झाकण बसतं. ग्राइंडरची चकती नवी हवी. साध्या लोखंडावर वापरलेली चालवली की कडेला गंज धरतो.

नळाला अर्धा इंची वेल्डलेस (वेल्डिंगशिवाय, नट आणि वॉशरने बसणारं) फिटिंग पुरतं. ते गळतं बहुधा वॉशर सपाट आणि भिंत गोल असल्याने. सिलिकॉनची जाड ओ-रिंग (गळती रोखणारी गोल कडी) घाला. तळ मध्यभागी खोल असतो, तेव्हा डिप ट्यूब (नळाला आतून जोडलेली, तळातला द्रव ओढणारी नळी) तिथवर न्या. वेल्डिंगचा खर्च मला तरी अनाठायी वाटतो.