वैयक्तिक शिकवणी आणि तिचे उद्दिष्टपत्रक: वर्षभरानंतरचा अनुभव

पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीसाठी आम्ही गेल्या जूनमध्ये नाशिकमधील आमच्याच भागात एक वैयक्तिक शिकवणी लावली. आठवड्यातून तीन दिवस एक-एक तास, एका वेळी एकच मूल, आणि दर महिन्याच्या आरंभी पालकांच्या हाती दिले जाणारे एक उद्दिष्टपत्रक असे तिचे स्वरूप आहे. विषय गणित, मराठी आणि इंग्रजी. शाळा मराठी माध्यमाची. चांगले शिकवणाऱ्या बाई किंवा सर शोधले तर मिळतात, परंतु या महिन्यात मुलाला नेमके काय जमायला हवे हे आधी कागदावर लिहून देणारे क्वचित भेटतात. म्हणून हे लेखन शिकवण्यापेक्षा त्या पत्रकाविषयीच अधिक आहे.

प्रवेशाच्या अर्जावर ‘पालकांची अपेक्षा’ असा रकाना होता आणि माझ्या यजमानांनी त्यात ‘गणितात ९० टक्क्यांच्या वर’ असे लिहिले होते. बाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, “ताई, टक्क्यांचं मार्चमध्ये बघू. आधी ती अडते कुठे ते बघू या.” सुरुवातीच्या तासांना त्यांनी काहीच शिकवले नाही, केवळ तपासले. या तपासणीची रीत ‘प्रथम’ ही शिक्षणक्षेत्रातील संस्था २००५ पासून मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरते त्या धर्तीची होती. वाचनात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, तर गणितात संख्या ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, अशा या पायऱ्या असतात. मूल कोणत्या इयत्तेत बसते हे बाजूला ठेवून ते कोणत्या पायरीवर उभे आहे एवढेच त्यातून कळते. प्रगतिपुस्तकात गणितापुढे चांगली श्रेणी असलेली आमची मुलगी गोष्ट सहज वाचून गेली, पण ८२४ भागिले ४ याचे उत्तर तिने २६ लिहिले.

ही चूक मला स्वतःला अत्यंत बोलकी वाटली. आठात चार दोनदा जातात हे तिने बरोबर केले. पुढचा दोन खाली घेतला, त्यात चार जात नाहीत म्हणून लगेच पुढचा चारही घेतला, चोवीस केले आणि सहा लिहिले. मधले शून्य गळाले. बाईंनी विचारले तेव्हा तिचे उत्तर तयार होते: “शून्य कशाला लिहायचं? त्याची किंमत तर काहीच नसते.” म्हणजे पाढे पाठ होते, रीतही पाठ होती, आणि स्थानिक किंमत मात्र कच्ची होती. श्रेणीवरून किंवा टक्क्यांवरून हे कोणालाही कळले नसते, आणि ‘भागाकार पक्का करणे’ असे मोघम उद्दिष्ट ठेवले असते तर तिच्याकडून अशी पन्नास उदाहरणे त्याच चुकीसह सोडवून घेतली गेली असती.

पहिल्या पत्रकात गणितापुढे लिहिले होते ते असे: खाली घेतलेल्या प्रत्येक अंकासाठी भागाकारात एक अंक लिहिणे, भाग जात नसेल तेथे शून्य लिहिणे, आणि उत्तराला भाजकाने गुणून पडताळणे, ओळीने दिलेल्या पाच उदाहरणांपैकी चार बरोबर येणे. यातला शेवटचा भाग पालक म्हणून मला फार उपयोगी पडला. गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटला आहे, तरीही दूध गॅसवर ठेवून ते उतू जायच्या आत मी ही तपासणी करू शकत असे. काही आठवड्यांनंतर मुलगी स्वतःच २६ गुणिले ४ करून पाहू लागली, १०४ आले की वैतागून खोडरबर घेऊ लागली आणि मी काही म्हणायच्या आत शून्य भरू लागली. पाढ्यांचेही तसेच. तेराचा पाढा ती सलग म्हणत असे, पण तेरा सक किती असे मध्येच विचारले की तेरा एके तेरापासून गाडी सुरू होई. तेव्हा पत्रकात ‘पाढे पाठ करणे’ असे न येता ‘सहा ते तेरा या पाढ्यांतील कोणताही गुणाकार मध्येच विचारल्यावर सांगणे’ असे आले.

मराठीच्या बाबतीत मला सर्वाधिक समाधान मिळाले. शाळेकडून येणारा ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ हा शेरा मी तिसरीपासून वाचत होते. त्यावर घरी नेमके काय करायचे हे त्या शेऱ्यातून कधीच कळले नाही. बाईंनी एका महिन्यासाठी एकच नियम घेतला: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा, अपवाद म्हणून सध्या ‘आणि’ व ‘नि’ एवढेच लक्षात ठेवायचे. त्या महिन्यात वहीतल्या बाकीच्या चुकांना लाल शाई लागली नाही. माझ्या सासूबाईंना हे मुळीच पटले नाही, कारण ‘माहिती’ ऐवजी ‘माहीती’ लिहिलेले पाहूनही गप्प बसायचे म्हणजे काय, असा त्यांचा सवाल होता. उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम पुढच्या महिन्यात आला आणि तोवर पहिला नियम हाताला बसलेला होता, त्यामुळे दोन्ही नियमांचा गोंधळ झाला नाही.

सर्वच उद्दिष्टे अशी नेटकी नव्हती. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात, जे २०२१ मध्ये सुरू झाले, तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. शिकवणीने त्यातला ६० हा आकडा उचलला, पाचवीसाठी वाढवला आणि ‘अर्थ समजून’ हे शब्द वाटेत सांडले. बाई मोबाइलवर वेळ लावत आणि मुलगी पूर्णविराम, स्वल्पविराम ओलांडून सुसाट वाचत सुटे. शेवटी गोष्टीत काय झाले असे विचारले तर गप्प. घड्याळ काढून टाकावे आणि वाचलेला उतारा पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगणे हे उद्दिष्ट ठेवावे, असे मी सुचवले. ते मान्य होण्यास दिवाळी उजाडली. मोजता येते ते सोपे पडते आणि सांगायला लावणे वेळखाऊ असते, एवढेच त्यामागचे कारण असावे.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेळी या पद्धतीची खरी कसोटी लागली. या परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात, आणि आमच्या मुलीला तेव्हा एका भागाकाराला तीन मिनिटे लागत होती. वर्गाच्या पाटीवर ‘शिष्यवृत्तीची हमखास तयारी’ असे लिहिलेले असल्याने संचालकांना तिने गुणवत्ता यादीसाठी वेगळ्या तुकडीत बसावे असे वाटत होते. ती तुकडी अर्थातच वेगळ्या शुल्काची होती. बाईंनी मात्र हा ७२ सेकंदांचा हिशेब माझ्यासमोर मांडला आणि पत्रकात लिहिले की दोन्ही पेपरांत पात्रतेसाठी लागणारे ४० टक्के गुण निर्धास्तपणे मिळवणे, आणि त्यासाठी पहिल्या फेरीत दिसताक्षणी जमणारे प्रश्न सोडवून बाकीच्यांना खूण करून पुढे जाणे. शेजारच्या मुलांचे फलक चौकात लागत असताना असे उद्दिष्ट मान्य करणे घरातील मोठ्यांना जड गेले. मुलीला मात्र त्याने हुरूप आला. बुद्धिमत्ता चाचणीतील आरशातील प्रतिमा आणि सांकेतिक भाषा हे प्रश्न ती आवडीने सोडवू लागली, आणि सराव पेपर अर्धा टाकून उठण्याची सवय सुटली. निकाल अजून लागायचा आहे.

इंग्रजीबाबत माझी तक्रार कायम आहे. त्या रकान्यात वर्षभर ‘संभाषण सुधारणे’ हेच दोन शब्द येत राहिले. कोणाशी, कशाबद्दल आणि किती वाक्ये, याचा पत्ता नाही. विचारले तर इंग्रजीचे सर वेगळे आहेत असे उत्तर मिळाले. याखेरीज आरंभीच्या पत्रकांत एका महिन्यात आठ-नऊ उद्दिष्टे कोंबलेली असत आणि त्यातली निम्मी तशीच पुढच्या महिन्यात ढकलली जात. ती प्रत्येक विषयाला एक अशी झाल्यावरच पत्रकाला अर्थ आला. सुट्टी, आजारपण आणि सण यांचा विचार करून गणपतीच्या महिन्यात उद्दिष्ट कमी ठेवावे, हेही आम्हालाच सांगावे लागले.

शुल्क महिन्याला २,८०० रुपये आहे आणि आमच्या भागातील सामूहिक वर्गांच्या मानाने ते बरेच जास्त आहे. ज्यांचे मूल वर्गाबरोबर चालले आहे आणि ज्यांना केवळ गृहपाठ करून घेणारे कोणी हवे आहे, त्यांनी एवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. आम्ही सहावीसाठी गणित आणि मराठी चालू ठेवत आहोत, इंग्रजी बंद केले आहे आणि त्या प्रमाणात शुल्क कमी करून घेतले आहे. एप्रिलच्या पत्रकात भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज आली असून तिच्यापुढे बाईंनी लिहिले आहे की लसावि आताच नको, दोन्ही छेदांचे पाढे शेजारी शेजारी लिहून समान संख्या शोधणे.