हॉटेलचं बिल मोबाइलवरून भरताना: बचत खातं, यूपीआय लाइट, रुपे क्रेडिट की डायनिंग ॲप?

फोनपे घ्यावं, गुगल पे की पेटीएम, हे लोक हमखास विचारतात. हॉटेलात बिल भरण्यापुरतं बोलायचं तर त्याने फारसा फरक पडत नाही. तिन्ही ॲप एनपीसीआय (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या संस्थेच्या २०१६ साली आलेल्या यूपीआयवरच चालतात आणि गल्ल्यावरचा क्यूआर कोणत्याही कंपनीचा असला तरी तुमच्या ॲपने स्कॅन होतो. फरक पडतो तो पैसे कुठून जातात यामुळे, म्हणून तुलना त्याचीच करू या.

चहा, वडापाव, मिसळ, फार तर दोघांचा नाश्ता एवढंच बिल असेल तर मी बिनधास्त यूपीआय लाइट सुचवेन. लाइटमध्ये ५,००० रुपयांपर्यंत रक्कम आधी भरून ठेवता येते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. खरा फायदा कळतो सकाळच्या गर्दीत. मागे रांग आहे, गल्ल्यावरच्या काकांचा कान साउंडबॉक्सकडे आहे आणि आपल्या स्क्रीनवर ते चक्र फिरतंय, असं साध्या, म्हणजे थेट बचत खात्यातून जाणाऱ्या यूपीआयमध्ये होतं, कारण दर वेळी बँकेच्या सर्व्हरला विचारावं लागतं. लाइटमध्ये प्रत्येक पेमेंटला बँकेकडे जावं लागत नाही, त्यामुळे बँकेचं सर्व्हर बसलेलं असलं तरी चहाचे पैसे जातात. मोबाइलला रेंज मात्र लागतेच. शिवाय पासबुकात दहा-वीस रुपयांच्या ओळींची रांग लागत नाही, फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद दिसते. तोटा एकच, पण ध्यानात ठेवावा असा: पिन नसल्यामुळे उघडा फोन कुणाच्या हाती लागला तर लाइटमधली रक्कम गेलीच समजा. म्हणून त्यात हजारभर रुपयेच ठेवावेत.

घरच्या चार जणांचं जेवण, बिल हजाराच्या वर, तिथे साधं यूपीआय बरं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. पाटीवर एक नाव आणि खात्यावर मालकाचं दुसरंच, असं बऱ्याच ठिकाणी असतं, तेव्हा वेटरला सरळ विचारावं, ‘दादा, हेच नाव ना?’ टेबलावरच्या क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात, म्हणून शंका आली तर गल्ल्यावर जाऊनच स्कॅन करावं.

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. महिन्याच्या शेवटी उपयोगी, वर रिवॉर्ड पॉइंटही मिळतात. पण मालकाने स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला असेल तर हे कार्ड चालतच नाही, आणि छोट्या खानावळीत नेमकं तेच आढळतं. तेव्हा फक्त याच्याच भरवशावर जेवायला बसू नका.

डायनिंग ॲपचं प्रकरण जरा सावकाश पाहायला हवं. डिस्ट्रिक्ट, स्विगी डाइनआउट, ईझीडायनर यांच्यावर मोठमोठ्या सवलती दिसतात. समजा बिल २,४०० रुपयांचं आणि सवलत ‘२० टक्के, कमाल ३००’. म्हणजे हातात पडले साडेबारा टक्केच. त्यातून ॲपचं काही शुल्क असेल तर तेही वजा करा. हॉटेलची स्वतःची ऑफर सहसा याच्याबरोबर मिळत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्यावं. आणि बिलाची रक्कम ॲपमध्ये टाकण्याआधी कागदी बिल नीट वाचावं. सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो आधी काढून घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो सक्तीने लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. एकदा ॲपवर पैसे भरले की हॉटेलवाले ॲपकडे बोट दाखवतात आणि ॲपवाले हॉटेलकडे. त्यामुळे मोठ्या हॉटेलात, मोठ्या बिलाला आणि हिशेब करूनच हा मार्ग घ्यावा. गल्लीतल्या आवडत्या खानावळीत थेट यूपीआय करा. त्यावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, नाही, त्यामुळे खात्यातून दिलेले पैसे मालकाला पूर्ण मिळतात.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी: एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचं) बँक खातं असेल तर अमेरिका, ब्रिटन, यूएई, सिंगापूर अशा ठरावीक देशांच्या मोबाइल नंबरवरही यूपीआय चालू करता येतं. आपल्या बँकेत ही सोय आहे का, ते निघण्याआधी पाहा.

टीप शक्यतो रोख द्यावी. क्यूआरवर दिलेले जादा पैसे मालकाच्या खात्यात जातात आणि वेटरपर्यंत पोचले की नाही, ते आपल्याला कळत नाही.

पैसे कट झाले आणि साउंडबॉक्स गप्प, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पेमेंट करू नका. ॲपमध्ये ‘पेंडिंग’ आहे का बघा आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक (यूटीआर) गल्ल्यावर दाखवा. हॉटेलला पैसे पोचलेच नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.