डार्क कोको पावडर, २०० ग्रॅम : पुडीवर एक शब्द हवा होता

नाशिकरोडला, जेल रोडवर राहतो. प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून घरातला केक माझ्याकडे आला आहे. सौ. अंडं खात नाही, त्यामुळे केक दह्यातला. गेल्या महिन्यात नाशिक शहरात गेलो तेव्हा रविवार कारंजाजवळ केकचं सामान मिळतं त्या एका दुकानातून ही डार्क कोको पावडर आणली. मोठ्या गोणीतून काढून साध्या प्लास्टिकच्या पुडीत भरलेली. वर वजन आणि किंमत, बाकी काही नाही.

पुडी उघडताच फरक दिसला. नेहमीचा कोको फिकट तपकिरी, जिभेला आंबटसर. हा भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा काळसर, चवीला कितीतरी सौम्य.

पहिला केक बिघडला, तोही नातीच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री. नेहमीसारखी अर्धी वाटी दही आणि चहाचा एक चमचा सोडा घातला होता. ओव्हनमध्ये भराभर फुगला आणि बाहेर काढल्यावर मधोमध बसला. चव साबणासारखी. नातीने एक घास घेतला आणि बशी हळूच बाजूला सरकवली. मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेलो आणि मूळ गोणी दाखवायला सांगितली. घटकांत लिहिलं होतं, ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ५०१’. म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. साधा कोको आम्लधर्मी असतो, सोड्याला थोडं आम्ल त्याच्याकडून मिळतं. या कोकोतलं आम्ल कारखान्यातच मारलेलं. यालाच डच प्रोसेस म्हणतात, आणि अशा कोकोला ‘अल्कलाइज्ड’. सोडा तसाच उरला आणि चवीत उतरला. ‘अल्कलाइज्ड’ एवढा एक शब्द पुडीवर असता तर केक वाया गेला नसता. दुकानदाराला तसं सांगून आलो.

मग माप बदललं. मैदा १८० ग्रॅम, कोको ५०, साखर २००, घट्ट दही २००, तेल १०० मिली, चहाचा अर्धा चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. कोको आधी १२० मिली उकळत्या कॉफीत कालवून दहा मिनिटं झाकून ठेवायचा. हे चुकवू नका, कोकोचा स्वाद त्यातच खुलतो. मैदा घातल्यावर घोटत बसायचं नाही, नाहीतर केक चिवट होतो. आठ इंची भांडं, १७० अंश, चाळीस मिनिटांनी काडी घालून बघायची. काडीला ओलसर कण चिकटले तरी चालतं, पीठ चिकटता कामा नये. काडी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर केकही कोरडाच मिळेल.

लोणी घालावंसं वाटेल, पण नाशिकच्या थंडीत लोण्याचा केक सकाळपर्यंत घट्ट होतो. तेलाचा मऊ राहतो. माझा तिसऱ्या दिवशीही स्टीलच्या डब्यात ओलसर होता, रंग गडद, आणि चॉकलेटची चव घास संपल्यावरही रेंगाळणारी.

पावडरीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण किमतीचा. २०२४ मध्ये जगभर कोको भडकला तेव्हापासून हे सामान जपूनच वापरावं लागतं. पुडीला मात्र दोनच.

नातीने रविवारी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा डब्यात घालून घरी नेला. उरलेली पावडर बरणीत भरली आहे आणि बरणीवर मार्करने ‘५०१, सोडा अर्धा’ असं लिहून ठेवलं आहे.