ग्रामसभा या सेवेचं परीक्षण : हिशेब तपासा, माणसाला बोलू द्या

दाखला वेळेवर मिळत नाही, नळाला पाणी येत नाही, अशा तक्रारी ग्रामपंचायतीबद्दल रोज होतात. पण पंचायतीची सगळ्यात मोठी सेवा म्हणजे ग्रामसभा, आणि ती कशी चालते याचं परीक्षण सहसा कुणी करत नाही. हे परीक्षण विदर्भातल्या खेड्यांपुरतं आहे.

कागदावर ही सेवा भक्कम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार वर्षाला किमान 4 सभा व्हायला हव्यात आणि नेहमीच्या सभेची नोटीस 7 दिवस आधी लागायला हवी. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी असेल तो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) दोघांची सही लागते. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली 2 वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने तो मंजूर केला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं.

हा कायदा लिहिणाऱ्यांनी माणसावर फार भरवसा ठेवलेला नाही, आणि ते बरोबरच केलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे 40 प्रकार सांगितले आहेत. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसं कामावरच्या अधिकाऱ्याचं पैसे खाणं कळत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. 1513 च्या सुमारास इटलीत मॅकियाव्हेलीने लिहिलं की प्रेम आणि धाक दोन्ही जमत नसतील तर राज्यकर्त्याने धाक निवडावा, पण लोकांच्या मालमत्तेला हात लावू नये. बाप गेल्याचं दुःख माणूस लवकर विसरतो, वडिलोपार्जित मालमत्ता गेल्याचं विसरत नाही. पांदण रस्त्याची मोजणी किंवा गायरानावरचं अतिक्रमण सभेत निघालं की हे वाक्य किती खरं आहे ते कळतं.

याच्या अगदी उलट विचारही विदर्भातच रुजला. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले, विनोबा पवनारला होते. माणूस मुळात चांगला आहे, सत्ता गावाच्या हाती दिली तर तो जबाबदारीने वागतो, ही त्यांची धारणा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ती प्रत्यक्षात आणली. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि मधल्या काळात अभ्यासगटात त्याची चर्चा होते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही गावाकडे आला.

तरी मेंढ्याची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. ते गाव लहान आहे, एकाच समाजाचं आहे आणि सगळ्यांचं पोट एकाच जंगलाशी बांधलेलं आहे. चार जातींच्या, दोन गटांच्या गावात 'सर्वसंमती' म्हणजे पुष्कळदा मोठ्या शेतकऱ्याने बोलायचं आणि वस्तीतल्या माणसाने मान डोलवायची. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर कडक टीका केली होती ती यासाठीच. त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही. घरकुलाची यादी असो की सरपंचावरचा ठराव, माणसांबद्दलचा निर्णय असेल तिथे गुप्त मतदानच हवं. तलाव, गायरान, जंगल असे विषय मात्र मेंढ्यासारखे दोन-तीन बैठका थांबून चर्चेने सुटतात, कारण हात वर करून लादलेला नियम ज्याची गुरं चरायची थांबतात तो पाळत नाही.

आपल्या बहुतेक सभांमध्ये नेमकं उलटं चालतं. हिशेब विश्वासावर सोडला जातो आणि बोलायला उभा राहिलेल्या माणसावर मात्र संशय घेतला जातो : हा कोणत्या गटाचा, याला कोणी पाठवलं? या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच.

सेवा बिघडते त्या जागाही ठरलेल्या आहेत. कोरम नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही याचा फायदा घ्यायचा. हजेरीच्या सह्या आधीच घरोघर फिरून घ्यायच्या. प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या कामकाजाच्या वहीत) ठरावांच्या मधे कोऱ्या ओळी सोडायच्या आणि 'ऐनवेळचे विषय' नंतर भरायचे. यावर उपाय साधा आहे : सभा संपण्याआधी शेवटचा ठराव क्रमांकासह मोठ्याने वाचून घ्या, खाली आडवी रेघ मारायला लावा आणि त्या पानाचा फोटो काढा.

हिशेबासाठी नमुना 5 ची रोकड वही मागा. एकूण बेरीज ऐकून समाधान मानू नका, एकेक व्हाउचर वाचायला सांगा. तेच व्हाउचर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तारखेसह दिसतं, ते जुळवा. काम बांधकामाचं असेल तर मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी घ्या आणि टेप घेऊन नालीवर जा. 15 व्या वित्त आयोगाचा पैसा असेल तर त्यातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित आहे, म्हणजे दुसरीकडे वापरता येत नाही. तो सिमेंट रस्त्याला लागला असेल तर तिथेच विचारा. वही दाखवली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत, आणि उत्तर आलं नाही की पहिलं अपील.

महिला सभेचा ठराव मुख्य सभेत पहिल्या विषयातच वाचायला लावा. शेवटी ठेवला तर तोवर बाया स्वयंपाकाला निघून गेलेल्या असतात आणि ठराव 'वाचून कायम' होतो, म्हणजे चर्चेविनाच मंजूर.