कॉफीच्या मळ्यांसाठी ‘ग्राउंड’ आणि ‘व्हिस्प’: एक हंगाम वापरल्यानंतर

मी मूळचा बेळगावचा. चिकमगळूरला कॉफी खरेदी करून युरोपात पाठवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मालाचा माग ठेवण्याचे काम बघतो. युरोपियन युनियनच्या जंगलतोडविरोधी नियमाची तयारी म्हणून आम्ही गेल्या पावसाळ्याआधी ‘ग्राउंड’ आणि ‘व्हिस्प’ ही दोन मोफत साधने हातात घेतली आणि रोबस्टा कॉफीचा शेवटचा माल येईपर्यंत वापरली. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ‘ओपन फोरिस’ या मुक्त साधनांच्या संचातली. ग्राउंड हे शेतात फिरून हद्द नोंदवण्याचे अँड्रॉइड ॲप आहे. व्हिस्प त्या हद्दीच्या आत उपग्रहांच्या नकाशांवरून काय दिसते ते सांगते.

माझे मत आधीच सांगतो. लहान-मध्यम व्यापाऱ्याने हीच दोन साधने घेऊन सुरुवात करावी. पण व्हिस्पने लाल खूण दाखवली म्हणून कुणा शेतकऱ्याचा माल नाकारू नये.

नियम थोडक्यात असा. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी, कोको, रबर, पाम, सोयाबीन, लाकूड, गुरे आणि त्यांच्यापासून बनलेल्या ठरावीक वस्तू युरोपात विकता येणार नाहीत. म्हणजे दोडामार्गचे रबर टायरमधून तिकडे पोहोचले, तर त्यालाही हेच लागू. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली. आता तिथल्या मोठ्या व मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहान व सूक्ष्म उद्योगांसाठी ३० जून २०२७ ही तारीख आहे. मे २०२५ च्या यादीत भारत कमी जोखमीच्या देशांत आला आणि आमच्याकडे अनेकांनी तेवढ्यावरच मळ्यांची मोजणी थांबवली. ते चूक आहे. कमी जोखमीमुळे आयातदाराची जोखीम-तपासणी सोपी होते, पण माल ज्या जमिनीवर पिकला तिचे अक्षांश-रेखांश द्यावेच लागतात.

ग्राउंड मला आवडले. आधी संगणकावर सर्वेक्षण तयार करायचे, कोणते प्रश्न विचारायचे ते ठरवायचे, मग इस्टेटवरच्या रायटरच्या, म्हणजे मळ्याच्या कारकुनाच्या, किंवा आमच्या मुलांच्या फोनवर ते उघडायचे. त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही काम चालते, आणि मुडिगेरेच्या पुढे घाटाकडे गेलात की नेटवर्क नसतेच. खरा अडथळा सावलीचा आहे. सिल्व्हर ओक आणि फणसाच्या दाट छताखाली कुठल्याही फोनचे स्थान काही मीटर इकडेतिकडे सरकते. त्यामुळे कोपऱ्यावर पोहोचलो की थोडे थांबायचे, अचूकतेचा आकडा स्थिरावू द्यायचा आणि मगच बिंदू टाकायचा, अशी शिस्त लावावी लागली.

४ हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १० एकरांच्या आतल्या तुकड्याला नियमानुसार एकच बिंदू चालतो. आमचे बहुतेक शेतकरी त्यातच बसतात. तरीही मी पूर्ण हद्द घ्यायला सांगेन. एकच बिंदू घराच्या छपरावर पडतो, ओढ्याच्या काठावर पडतो, शेजारच्या राखीव जंगलाच्या कडेला पडतो आणि मग त्या एका ठिपक्यावरून सगळ्या मळ्याचा निवाडा होतो. हद्द चालून घेतली की शेतकरी बरोबर येतो, बांध दाखवतो, शेजाऱ्याशी असलेला वादही तिथेच कळतो.

फायलींचा भाग कंटाळवाणा आहे, पण माल अडकतो तो इथेच. युरोपच्या माहिती प्रणालीला जिओजेसन (नकाशावरच्या जागा नोंदवण्याचा एक प्रकार) फाइल लागते, त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर, आणि दशांशानंतर सहा अंक. बाहेरून आमच्याकडे आलेल्या काही फायलींत हा क्रम उलटा होता. चिकमगळूरचे १३ आणि ७५ हे आकडे उलटले की मळा थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. दुसरा त्रास एक्सेलचा: शेवटची शून्ये ते गुपचूप काढून टाकते आणि सहा अंकांचे चार होतात. स्वतःलाच छेदणाऱ्या हद्दी आणि एकमेकांवर चढलेले शेजारी प्लॉट हे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. ही तपासणी व्हिस्पकडे जाण्याआधी करा.

आता व्हिस्प. फाइल चढवली की ते प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी बघते: २०२० मध्ये तिथे वृक्षाच्छादन होते का, तेव्हा तिथे पीक होते का, २०२० आधी काही तोड-मोड झाली होती का आणि नंतर झाली का. हे एकाच नकाशावरून ठरत नाही, अनेक नकाशे एकत्र वाचले जातात आणि कुठल्या नकाशाने काय सांगितले ते तक्त्यात उघड दिसते. आम्ही एका सशुल्क सेवेची चाचणीही घेतली होती. तिथे नुसता हिरवा-लाल रंग मिळायचा, कारण विचारले तर उत्तर नाही. शेतकऱ्यासमोर बसून बोलायचे असेल तर कारण हातात हवे, म्हणून मला व्हिस्प जास्त भरवशाचे वाटते.

मात्र आपली कॉफी सावलीत वाढते. ब्राझीलसारखी उघड्या उन्हात नाही. उपग्रहाला वरून दिसते ते झाडांचे छत, खालची कॉफी आणि खोडांवर चढलेली मिरी दिसत नाही. पिकाच्या नकाशात तो मळा सुटला असेल तर उत्तर येते ‘अधिक माहिती हवी’. त्यात मळेवाल्याने २०२० नंतर प्लायवूडसाठी सिल्व्हर ओक तोडले असतील तर थेट ‘जास्त जोखीम’. एका वयस्क शेतकऱ्यांना मी हा निकाल दाखवला तेव्हा ते म्हणाले, “ही झाडं माझ्या आजोबांनी लावली. मी कुठलं जंगल तोडलं?” त्यांचे म्हणणे नियमाच्या भाषेतही बरोबर आहे. अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच झाडे आणि १० टक्क्यांहून जास्त छत ही जंगलाची व्याख्या खरी, पण मुख्यतः शेतीसाठी वापरली जाणारी जमीन त्यातून वगळली आहे. झाडांखाली पीक घेणारी शेतीही त्या वगळण्यात येते. मळ्यातले सिल्व्हर ओक तोडणे म्हणजे जंगलतोड नव्हे.

अशा प्रत्येक तुकड्यासाठी आम्ही एक छोटी फाइल बनवली. २०२० आधीची पहाणी, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा कर्नाटकचा उतारा, ज्यात पिकाची नोंद असते. कॉफी बोर्डाकडची नोंदणी. जुन्या विक्रीच्या पावत्या. गुगल अर्थवरची जुनी चित्रे. आणि कॉफीच्या जाड, जुन्या खोडांचे फोटो. मळा जुना आहे हे यातून दिसते आणि आयातदाराला देण्यासारखे उत्तर तयार होते. वेळ लागतो, पण माल नाकारणे सोपे आहे म्हणून ते करणे अन्यायाचे आहे. ज्याच्याकडे एक-दोन एकर आहे त्याने दुसरा गिऱ्हाईक कुठे शोधायचा?

या दोन साधनांनी न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. जमिनीचा हक्क कायदेशीर आहे का, हेही नियमात येते. सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षे कॉफी लावलेल्यांचे काय, कोडगूच्या जम्मा, म्हणजे पिढीजात हक्काच्या, जमिनींच्या जुन्या नोंदींचे काय, हे उपग्रह सांगत नाही. दुसरी गोष्ट क्युरिंग वर्क्सची, म्हणजे कॉफीचे टरफल काढून ती निर्यातीसाठी तयार करणाऱ्या कारखान्यांची. ठावठिकाणा असलेला आणि नसलेला माल एकत्र करून कागदावर हिशेब जुळवणे या नियमात चालत नाही. त्यामुळे पार्चमेंटची, म्हणजे टरफलासकट सुकवलेल्या कॉफीची, पोती उतरतानाच वेगळी थप्पी, वेगळा लॉट नंबर आणि त्या लॉटला जोडलेली प्लॉटची यादी लागते. आमचा सगळ्यात मोठा खर्च गोदामातल्या या वेगळ्या जागेवर आणि हमालांना ती पद्धत समजावण्यावर झाला.

महागडी सेवा कधी घ्यावी? हजारो शेतकरी असतील, अनेक देशांतून माल येत असेल आणि आयातदाराची प्रणाली थेट जोडून हवी असेल तर विचार करा. तेव्हाही आपल्या हद्दींची फाइल आपल्याला परत मिळते का, ते करारात लिहून घ्या. बाकीच्यांनी मोजणी पावसाआधी उरकावी, कारण जून लागला की मळ्यात पाय ठेवणे अवघड. येत्या नोव्हेंबरात तोडायला येणारी अरेबिका कॉफी सुकवून, क्युअर करून युरोपच्या बंदरात उतरेल तोवर ३० डिसेंबर मागे पडलेला असेल.