लॉग केबिन की ओहायो स्टार: रंगीत गोधडीसाठी ब्लॉक निवडताना

गोधडीला बैठक पारंपरिक ब्लॉकची, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या चौकोनाची, द्यायची आणि रंग मात्र आजचे, उजळ आणि एकरंगी कापडांचे ठेवायचे, असे ज्यांनी ठरवले आहे त्यांची निवड बहुधा लॉग केबिन आणि ओहायो स्टार या दोन अमेरिकी नमुन्यांपाशी येऊन अडते. दोन्हींच्या गोधड्या मी शिवल्या आहेत आणि दोन्हींविषयी मला आदर आहे. १२ इंचांचा ब्लॉक धरला तर दोघांचेही तुकडे २१ भरतात. लॉग केबिनमध्ये मधला २ इंची चौकोन आणि त्याभोवती इंचभर रुंदीच्या पट्ट्यांचे ५ फेरे असतात, तर ओहायो स्टारमध्ये तीन बाय तीन अशा ९ खणांत ५ चौकोन आणि उरलेल्या ४ खणांत चार-चार मिळून १६ त्रिकोण. एका पलंगापुरत्या ६० बाय ८४ इंचांच्या गोधडीला असे ३५ ब्लॉक लागतात. तेव्हा तुकड्यांच्या संख्येवरून निवड करायला गेल्यास हाती काही लागत नाही. कापड धाग्याला सरळ कापले जाते की उरेब, म्हणजे तिरके, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

कापडाचा विचार मी नाशिकच्या हिशेबानेच केला. आपल्याकडे एकरंगी सुती कापडाचा खरा खजिना मॅचिंग सेंटरमध्ये असतो. मेन रोडला किंवा रविवार कारंज्याच्या बाजूला गेलो की राणी, शेंदरी, मोरपंखी, पोपटी, अंजिरी, चिंतामणी असे रंग एकाच फळीवर ओळीने लावलेले दिसतात, आणि दुकानदाराला विनंती केली तर तो ठाण दाराशी आणून उजेडात रंग दाखवतो. अडचण अशी की हवा तो मोरपंखी टू बाय टू रुबियात मिळतो, त्याच्या शेजारी लावायचा शेंदरी कॅम्ब्रिकमध्ये आणि अंजिरी पॉपलिनमध्ये. तिन्हींची जाडी वेगळी, वीण वेगळी आणि आटणेही वेगळे. पाण्यातून काढून, इस्त्री करून मगच कापणे हा यावरचा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा ब्लॉक निवडण्यात आहे.

ओहायो स्टारच्या ताऱ्याला ८ टोके असतात आणि ती सगळी ब्लॉकच्या कडेला टेकतात. ब्लॉक एकमेकांना जोडताना माया, म्हणजे टिपेबाहेर राहणारी कापडाची कड, पाव इंच म्हणजे २ सूत तंतोतंत राहिली तरच टोक टोकदार दिसते. टीप अर्धा सूत जरी आत गेली तरी टोक शिलाईत जाते आणि त्या जागी बोथट, कापल्यासारखी कड उरते. ३५ ब्लॉकांची मिळून अशी २८० टोके सांभाळायची असतात. माझ्या जुन्या काळ्या मशीनच्या पायाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर येत नाही, म्हणून पट्टीवर मोजून चिकटपट्टी लावावी लागते. तेवढे केले की टीप सरळ येते. तरीही टोके जातात, कारण त्रिकोणाची तिरपी बाजू उरेब असते आणि ती इस्त्रीखाली ताणली जाते. दोन चौकोन एकावर एक ठेवून, कर्णाच्या दोन्ही बाजूंना आधी टीप मारून मग कापण्याची पद्धत मी वापरतो, चौकोनही थोडे मोठे घेऊन नंतर साडेचार इंचांवर (४ इंचांचा खण आणि दोन्हीकडची माया) छाटतो. कॅम्ब्रिकला कॅम्ब्रिक जोडलेले असले तर यातून फार सुरेख तारा निघतो. पण एका बाजूला रुबिया आली की ती इस्त्रीच्या ओढीने पुढे सरकते, तुकड्याच्या मधोमध जिथे चार टिपा भेटतात तिथे गाठ बसल्यासारखा उंचवटा येतो, आणि छाटायला घेतल्यावर कर्ण कोपऱ्यातून न जाता किंचित बाजूने गेलेला दिसतो. मग उसवणे आले, आणि उसवताना रुबियाच्या दशा सुटतात, पाव इंचाच्या मायेत दुसऱ्यांदा टीप मारायला कापडच पुरत नाही. काळजीपूर्वक केलेल्या कामाचे असे होणे मला सोसवेना. मी लॉग केबिन निवडला तो या एका गोष्टीवरून, बाकीची कारणे नंतर जमत गेली.

लॉग केबिनमध्ये चूक होत नाही असे मात्र कोणी समजू नये. एका ब्लॉकच्या रुंदीत १० टिपा येतात. प्रत्येकीत अर्धा सूत गेले तर शेवटी ५ सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त कमी भरते. पट्टीची लांबी न मोजता ती तशीच लावत गेल्यास ब्लॉक कडेला लहरतो, हाही त्याचा ठरलेला दोष आहे. पण इथे प्रत्येक फेऱ्यानंतर थांबून ब्लॉक मापात आणता येतो: साडेचार, साडेसहा, साडेआठ, साडेदहा आणि शेवटी साडेबारा इंच. पट्ट्या उभ्या किंवा आडव्या धाग्यावर सरळ कापलेल्या असल्यामुळे रुबिया आणि पॉपलिन शेजारी आले तरी भांडत नाहीत. छाटताना एखादी पट्टी दोराभर अरुंद झालीच, तर पाहणाऱ्याची नजर तिथे अडत नाही, कारण या नमुन्यात नजरेला पकडायला टोकच नाही.

रंगांच्या बाबतीत माझे मत थोडे पक्षपाती असू शकेल. लॉग केबिन अमेरिकेत १८६० च्या दशकापासून फार लोकप्रिय झाला. मधला चौकोन बहुधा लाल, दोन बाजू फिक्या आणि दोन गडद, अशी त्याची जुनी रीत आहे. ती रीत पाळूनही गोधडी आजची दिसते. मध्ये हळदी पिवळा, एका अंगाला लिंबू, पोपटी, आकाशी आणि दुसऱ्या अंगाला राणी, डाळिंबी, वांगी असे लावले की फिके-गडद राहते आणि रंगही मोकळे खेळतात. राणी आणि मोरपंखी डोळ्यांना वेगळे वाटले तरी त्यांचा गडदपणा पुष्कळदा सारखाच असतो. कात्रणे शेजारी मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की ते लगेच कळते. हा नमुना किती मोकळा होऊ शकतो ते पाहायचे असेल तर अलाबामातल्या जीज बेंड वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांची छायाचित्रे जरूर पाहावीत. त्यांचा ‘हाऊसटॉप’ हा याच कुळातला नमुना आहे. त्यांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. वापरलेल्या कपड्यांच्या, कमी-जास्त रुंदीच्या पट्ट्यांतून त्या उभ्या राहिल्या आहेत, आणि आपल्या घरच्या गोधडीशी त्यांचे नाते मला फार जवळचे वाटते.

हाताने धावदोरा घालणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. लॉग केबिनमध्ये दर इंचाला माया येते, आणि तेवढ्या थरांतून सुई काढताना बोटे दुखतात. ओहायो स्टारमध्ये चार कोपऱ्यांचे आणि मधला असे ४ इंची सपाट चौकोन मिळतात, तिथे टाका सुरेख बसतो. इथे तारा निःसंशय सरस आहे. मी धावदोरा पट्टीच्या मध्यावरून नेतो, म्हणजे माया चुकवता येते आणि चौकोनात चौकोन अशी आपल्या गोधडीची ओळखीची रेघ आपोआप उमटते. वरच्या थरालाच इतकी माया असल्याने आत दोन जुन्या सुती साड्या आणि पाठीला एक एवढे भरण नाशिकच्या डिसेंबरला मला पुरे झाले आहे. निफाडकडच्या थंडीला कदाचित आणखी एक थर लागेल.

ज्यांना एकाच कापडात, सगळे कॅम्ब्रिक किंवा सगळे पॉपलिन, हवे ते रंग मिळाले आहेत आणि खळ देऊन कापड कडक करण्याचा कंटाळा नाही, त्यांनी तारा खुशाल घ्यावा. त्यांच्यासाठी माझ्या मते उत्तम मार्ग म्हणजे ३५ ताऱ्यांऐवजी एकच ६० इंचांचा तारा. त्याचा प्रत्येक भाग २० इंचांचा होतो, त्रिकोणांसाठी सव्वाएकवीस इंचांचे चौकोन कापावे लागतात आणि टोके सांभाळायची ती फक्त ८. लांबीला उरलेले २४ इंच वर-खाली एकरंगी पट्ट्या लावून भरावेत. मात्र २० इंचांच्या तुकड्यातील उरेब टीप २८ इंचांहून लांब भरते, म्हणून खळ दाट द्यावी आणि इस्त्री कापडावरून ओढत न नेता उचलून ठेवावी.