वर्ग बंद करावा की मैदान गाठावे?

आणीबाणीच्या प्रसंगी नागपूरच्या शाळेपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात : मुलांना वर्गातच ठेवून दार आतून लावून घेणे, किंवा सर्वांना मैदानात आणणे. धोका बाहेरचा असेल, म्हणजे आवारात घुसलेला अनोळखी माणूस किंवा २०२१ मध्ये शहराच्या वस्तीत फिरलेल्या बिबट्यासारखा एखादा प्राणी, तर पहिला मार्ग निश्चितच सरस ठरतो. मात्र जुन्या इमारतींत कित्येक वर्गांची कडी बाहेरूनच असते, आणि मग मुलांची सुरक्षितता दाराला टेकवलेल्या बाकावर अवलंबून राहते. आगीत हेच बंद दार जीवघेणे ठरते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली; अशा वेळी मैदानाला पर्याय नाही.

सरावाच्या बाबतीत मात्र मैदानाचेच पारडे जड असते, कारण रांगा पाहुण्यांना दाखवता येतात, वर्गातली शांतता दाखवता येत नाही. दोन्ही प्रसंगांसाठी एकच घंटा वापरणे मला सर्वांत धोकादायक वाटते. सलग घंटेचा अर्थ बाहेर पडणे आणि तुटक घंटेचा अर्थ आत थांबणे, इतका भेद पहिलीतले मूलही शिकू शकते.